स्विच आहे, पण तुमच्यासाठी नाही

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स. कंटाळवाणा वाटेल, पण वाचा.

शनिवार, ४ मे २०१९. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले आणि त्यानंतर जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन्स एकामागून एक बंद पडायला लागली. व्हायरस नाही, हॅकिंग नाही, काही नाही. मोझिला ज्या सर्टिफिकेट्सच्या जोरावर ॲड-ऑन्सवर सही करते, त्या साखळीतलं मधलं एक सर्टिफिकेट एक्स्पायर झालं होतं. बस्स! दूध नासलेलं नाही, नुसती पिशवीवरची तारीख उलटली, आणि दूधवाल्याने थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरून पातेलं मोरीत ओतलं, असा प्रकार.

ॲड ब्लॉकर गेले, पासवर्ड मॅनेजर गेले. हे चाललं असतं एकवेळ. पण टॉर ब्राउझरही फायरफॉक्सवरच उभा आहे, आणि त्यातलं नोस्क्रिप्टही त्याच दिवशी बंद पडलं. टॉर वापरणाऱ्यांत असेही लोक असतात, ज्यांची ओळख उघड झाली तर तुरुंगवारी ठरलेली. त्यांचं एक चिलखत परस्पर उतरवलं गेलं. कोणी विचारलं? छे.

मोझिलाने तातडीचा उपाय पाठवला तो 'स्टडीज' नावाच्या यंत्रणेतून. म्हणजे ज्यांनी प्रायव्हसीपायी ती मुद्दाम बंद ठेवली होती, त्यांनी ती आधी चालू करायची! (नंतर मोझिलाने त्या आठवड्याचा गोळा झालेला डेटा पुसून टाकला. हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.)

आता खरी गंमत. ही सही तपासणं बंद करायचा स्विच फायरफॉक्समध्ये आहे. डेव्हलपर एडिशनमध्ये चालतो, नाइटलीमध्ये चालतो, मोठमोठ्या संस्थांसाठी काढलेल्या ईएसआर आवृत्तीतही चालतो. फक्त तुमच्या-आमच्या विंडोज आणि मॅकवरच्या साध्या फायरफॉक्समध्ये २०१६ च्या ४८ व्या आवृत्तीपासून तो दाबला तरी काही होत नाही. लिफ्टमधल्या त्या 'दार बंद' बटणासारखा.

पहारा का बसवला हे मला ठाऊक आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टने डॉटनेटच्या अपडेटबरोबर गुपचूप एक ॲड-ऑन फायरफॉक्समध्ये घुसवलं होतं, आणि त्याचं अनइन्स्टॉलचं बटण चक्क करडं, दाबताच न येणारं. त्या काळातले ते टूलबार आठवतात? एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तीन टूलबार बोनस. तेव्हा पहारेकरी हवाच होता. पण पहारेकरी घरमालकालाच दारात अडवायला लागला तर?

मोझिलाचं म्हणणं असं की स्विच ठेवला तर मालवेअर तोच दाबेल. अहो, जो प्रोग्राम माझ्या मशीनवर बसून फायरफॉक्सची सेटिंग्ज बदलू शकतो, त्याच्या हातात बाकी काय कमी आहे? आणि हाच धोका ईएसआरमध्ये कसा चालतो बुवा?

क्रोमची कथा तर याहून वरची. मॅनिफेस्ट व्ही-३ आलं, आणि २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्यात यूब्लॉक ओरिजिन गेलं. पूर्वी एक्स्टेन्शन प्रत्येक रिक्वेस्ट बघून 'ही अडव' असं सांगू शकायचं. आता नियमांची यादी आधी ब्राउझरला द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. कारण काय, तर तुमची सुरक्षितता. पण परवानगी मिळाली तर एक्स्टेन्शन अजूनही त्या रिक्वेस्ट बघू शकतं! हेरगिरीला बघणं पुरतं की हो. काढून घेतलं ते थेट अडवणं. आणि तेही सगळ्यांकडून नाही. कंपनीच्या आयटी विभागाने पॉलिसीने बसवलेल्या एक्स्टेन्शनला अडवायची मुभा आजही आहे. घरी बसलेल्या तुम्हाला नाही. गुगलची कमाई मुख्यतः कशातून होते ते मी सांगायला नको.

"सामान्य युजरला काय कळतं?" हा प्रश्न आपल्याच धंद्यातले लोक फार विचारतात. ज्या बाईला कुकरची शिट्टी आणि गॅसचा रेग्युलेटर सांभाळता येतो, तिला लाल अक्षरातली एक वॉर्निंग वाचता येत नाही? तीनदा विचारा. ब्राउझर रीस्टार्ट करायला लावा. वरती कायमची लाल पट्टी लावा, माझी काही हरकत नाही. पण 'हो, मला हे चालवायचंय' म्हणायची सोय ठेवा.

तोवर घरच्या मशीनवर ईएसआर टाका. फुकट आहे, संस्थांसाठी असली तरी कोणीही उतरवून घेऊ शकतं. स्विच हाताशी असू द्या, उगाच दाबू नका. आणि ॲड-ऑन्सच्या पानावर प्रत्येकाचं ऑटो-अपडेट वेगवेगळं बंद करता येतं, तेही एकदा बघून घ्या.