आपला अंक आपणच काढू

पालघरात 'भूमिगत' हा शब्द उच्चारला की जुन्या माणसांना एकच साल आठवते, १९४२. त्या वर्षी १४ ऑगस्टला येथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या काळी चोरून छापलेली पत्रके हातोहात गावोगाव जात आणि पत्रक सापडले तर तुरुंगाची वाट धरावी लागे. स्वातंत्र्य आले, तेव्हा चोरून छापण्याची गरजही संपली, असे आपण समजतो. पण मित्रमैत्रिणींनो, बंदी घालायला नेहमी पोलीसच लागतात काय? संपादकाचे 'साभार परत' हे दोन शब्दही पुरेसे होतात.

ही गोष्ट नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पत्रात आपल्यासाठी कोपरा मिळत नाही, तेव्हा स्वतःचे पत्र काढावे लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे साहित्यातही तेच घडले. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' काढले. छापखान्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून सायक्लोस्टाइलचा आधार घेतला. आजच्या मुलांना हे यंत्र ठाऊक नाही. मेणकागदावर टंकयंत्राने अक्षरे टोचायची, तो कागद रोळावर चढवायचा, शाई लावायची आणि दांडा फिरवायचा. मेणकागद फाटेपर्यंत काही शे प्रती निघत. त्यानंतर अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू' आणि 'विद्रोह', शिवाय 'आत्ता', 'फक्त', 'तापसी' अशी कितीतरी अंकांची रांग लागली. पैसे जमतील तेव्हा अंक निघे, म्हणून ही 'अनियतकालिके'. नावातच प्रामाणिकपणा होता!

या मंडळींचा राग 'सत्यकथा' या प्रतिष्ठित मासिकावर होता. १९६९ साली त्यांनी त्याचा अंक जाहीरपणे जाळला. अंक जाळणे मला पटत नाही. त्याच मासिकाने मराठी नवकथेला घडवले, हेही विसरता येत नाही. पण एकाच दारातून सगळ्या साहित्याने आत यावे आणि त्या दाराची किल्ली दोघातिघांच्या कमरेला असावी, हा त्यांचा आक्षेप मात्र चुकीचा नव्हता. याच वर्तुळातून नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि त्याच वर्षी ढाले, ढसाळ, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. अशोक शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनाने १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' छापल्या. याच कवीच्या, याच प्रकाशनाने काढलेल्या 'भिजकी वही'ला २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळाले. ज्यांना दारात उभे केले नाही, तेच आज आपल्या अभ्यासक्रमात आहेत आणि त्यांच्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो.

आता थोडे स्वतःविषयी. मी तारापूरच्या बाजूच्या एका किनाऱ्यावरच्या गावातली. बोईसरला येऊन डहाणू लोकल पकडते आणि कॉलेजला येते. शाळेत असताना भित्तिपत्रकासाठी मी आजीवर लिहिले होते. ती बांबूंवर बोंबील वाळत घालताना कावळ्यांशी कशी भांडते, हे तिच्याच बोलीत. बाईंनी प्रेमाने लाल शाईने ते 'शुद्ध' केले. कागद भिंतीवर लागला, माझे कौतुकही झाले. घरी येऊन मी आजीला तो वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारले, यातली म्हातारी कोण? बाईंचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच मला त्यांच्यावर रागावताही आले नाही. पण तेव्हापासून वहीत एक लिहायचे आणि द्यायचे दुसरे, अशी सवय मला लागली. ही सवय आपल्यापैकी कितीजणांना आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आपल्या भागात लिहिण्यासारखे काय नाही? १९६९ पासून आपल्याकडे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पुढच्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीत देशभरातून आलेली माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात. २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली. वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली एकाच डब्यात ऐकू येतात. आपल्यावर बातम्या येतात, अहवाल येतात. पण त्या खोलीतल्या, त्या उठलेल्या गावातल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेले आपण किती वाचले?

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कागद कशाला हवा? हा आक्षेप खरा आहे. मोबाइलवर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. पण तेथे सकाळी लिहिलेले संध्याकाळी शंभर सुप्रभातांखाली गाडले जाते. शिवाय तेथे आपण एकेकटे लिहितो. अंक काढायचा तर चौघांना एकत्र बसावे लागते, काय घ्यायचे यावर भांडावे लागते, आणि छापून झाले की चूक पुसता येत नाही. ती आपल्या नावावर राहते. लेखकाला जबाबदारी शिकवायला याहून चांगली शाळा मला दिसत नाही.

जुन्या मंडळींच्या चुका मात्र आपण गिरवू नयेत. अनेक अंक दोनचार निघून बंद पडले. दुर्बोध लिहिणे म्हणजेच बंडखोरी, असाही काहींचा समज झाला. आणि वर जी संपादकांची नावे दिली, त्यात एकही बाई नाही, हे लिहिताना माझ्याही लक्षात आले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दोन मोठे कोरे कागद मध्यात दुमडले की आठ पानांचा अंक होतो. झेरॉक्सच्या एका बाजूला दोन रुपये धरले, तर एका प्रतीला आठ रुपये आणि पन्नास प्रतींना चारशे. दहाजणांनी चाळीस-चाळीस रुपये काढले की अंक तयार. हाताने लिहा, चित्रे काढा, ज्याच्या त्याच्या बोलीत लिहा. लाल शाई फक्त लेखकानेच वापरायची, एवढा एकच नियम असावा. प्रती स्टेशनवर, कँटीनमध्ये, बोईसरच्या रिक्षा थांब्यावर द्या. पन्नास वाचक म्हणजे थोडे नव्हेत.

शेवटी एक कबुली. हा लेखही संपादक मंडळाच्या हातून जाणार आहे. त्यांनी तो छापला तर मी त्यांची मनापासून आभारी आहे. न छापला, तर आमच्या पहिल्या अंकाला पहिला लेख मिळाला, असे समजेन. दुसरा मात्र तयार आहे. तो आजीवर आहे, तिच्या बोलीत, आणि या वेळी तो आधी तिला वाचून दाखवला आहे. तिने दोन चुका काढल्या. दोन्ही बोंबलांबद्दलच्या होत्या.