चपला सांभाळणारे आबा



पुण्यानुमोदनाच्या बातम्यांतले शब्द आता आपल्या सर्वांना पाठ झाले आहेत. कालकथित अमुक हे मनमिळाऊ, हसतमुख व धम्मकार्यात अग्रेसर होते. त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. शब्द खोटे नसतात, पण नाव बदलले की तीच बातमी दुसऱ्या घरालाही चालते. आमचे आबा २०२४ च्या जानेवारीत गेले तेव्हा आमच्याही घरून अशीच चार ओळींची बातमी दिली गेली. 'हसतमुख' हा शब्द तीतही होता. आबांनी ती वाचली असती तर विचारले असते, "हसतमुख म्हंजे? दात दाखवून पडलो हुतो काय?"

त्याला आता वर्ष उलटून गेले. घरातली माणसे जमली की आबांचे बोलणे निघतेच, आणि प्रत्येकाला वेगळेच आठवते. ते सारे विरून जाण्याआधी आज या सदरात थोडेसे लिहून ठेवतो आहोत.

आबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या वडिलांकडे येसकरकीची पाळी असे. हातात काठी, खांद्यावर घोंगडे, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. आबा लहानपणी वडिलांच्या मागे टोपले घेऊन जात. ही गोष्ट ते आम्हाला हसत हसत सांगत. "बारा घरची भाकरी, बारा चवी. एकीत मीठ जास्त, एकीला मीठच न्हाई. एवढं ताट कुठल्या हाटेलात मिळत न्हाई बगा." आम्ही मुले खो-खो हसायचो. आजी मात्र हसत नसे. पुढे मोठे झाल्यावर तिने आम्हाला सांगितले की, लग्न झाल्यापासून या माणसाने शिळ्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. उरलेली भाकरी कुस्करून, फोडणी देऊन सगळे घर खायचे; आबा म्हणायचे, "मला भूक न्हाई." कुळकायदा, वतन, १९५८ चा वतने खालसा करणारा कायदा, हे सारे आम्ही पुस्तकात वाचले. पण त्या टोपल्याचे वजन केवढे होते ते आजीच्या त्या एका वाक्याने कळले.

शाळा त्यांनी चौथीपर्यंत केली, तीही ओट्यावर बसून. मास्तरांनी नाव घालताना जन्मतारीख लिहिली १ जून १९३२. आपल्यातल्या कितीतरी घरांत हीच तारीख सापडेल, फक्त साल वेगळे. आबांची आई सांगे की, पोरगे झाले तेव्हा शाळू काढणीला आला होता, म्हणजे माघ-फाल्गुनाचे दिवस. पण मास्तरापुढे कोण बोलणार? आबा म्हणत, "सरकारनं आमची सगळी पिढी एकाच दिवशी जन्माला घातली. सुइणी किती धावल्या असतील!" पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर म्हणून लागले आणि पेट्या उचलत, लॉऱ्या भरत साठी गाठली. सरकारी नियम असा की, महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे १९९२ रोजी आबा आणि त्यांच्याबरोबर आणखी चौघे '१ जूनवाले' एकदमच घरी बसले. पाचांना मिळून निरोप, पाचांना एकेक भिंतीवरचे घड्याळ. आबांनी घरी येऊन घड्याळ खिळ्याला लावले व म्हणाले, "वेळेवर जायचं हुतं तवा दिलं न्हाई, आता दिलंय."

देहूरोडचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी प. पू. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतःच्या हातांनी तिथे प्रस्थापित केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून पावणेदोन वर्षे अवकाश होता. आबा तेव्हा कागदोपत्री बावीस वर्षांचे, आजी अठराच्या आतबाहेर. दोघेही त्या गर्दीत होते. आबा सांगत, "मला बाबासाहेब अंगठ्याएवढे दिसले. पर तेवढे पुरले." आजीला तेवढेही दिसले नाहीत. ती म्हणते, "मी पुढच्या बाईचा अंबाडा बघितला. पर कान हुते की मला." त्यांचा आवाज तिने ऐकला, एवढे ती आजही अभिमानाने सांगते. कोणी मोठी माणसे भेटायला आली आणि आबा अंगठ्याची गोष्ट सुरू करू लागले की, आजी आतून ओरडायची, "अवो, अंबाड्याचं पण सांगा!"

नागपूरला मात्र आबा नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांना रजा मिळाली नाही. हे ते कधी लपवत नसत. आपल्याकडे वयाने मोठे असलेले पुष्कळजण आपण नागपूरला होतो असे सांगतात. आबा ऐकून घेत आणि नंतर आम्हाला हळूच म्हणत, "मला आजवर नागपूरवाले जेवढे भेटले तेवढे उभे करायचे म्हटलं तर सगळा विदर्भ लागंल. मी न्हवतो म्हणून तर बाकीच्यांना जागा झाली."

दादरला मात्र ते होते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या परिनिर्वाणाची बातमी डेपोत आली तशी, अंगावरच्या कपड्यांनिशी, चारचौघांबरोबर त्यांनी मुंबईची गाडी धरली. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली, त्यात आबा होते. या दिवसाविषयी त्यांनी आयुष्यात एकही विनोद केला नाही. आम्ही विचारले तर "लई माणूस हुतं" एवढेच म्हणत आणि विषय बदलत. पुढचे आजीने सांगितलेले आहे. दोन दिवसांनी ते घरी आले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "आपण आता बौद्ध झालो."

आजीने विचारले, "मी पण?"

"तुझ्या वाटणीचं पण म्हणून आलोय."

आजी म्हणाली, "माझं मी म्हणंन." आणि नंतर पुण्यातल्या एका कार्यक्रमात जाऊन तिने स्वतःच्या तोंडाने त्रिसरण-पंचशील घेतले. तोवर घरातले देव तिने स्वतःच टोपलीत भरून ठेवले होते. आबा चेष्टेने म्हणायचे, "आमच्या घरात मी दोन महिने आधी बौद्ध, म्हणून मी थोरला."

तेव्हापासून दर ६ डिसेंबरला आबा दादरला जात. फडक्यात भाकरी-चटणी, आणि येताना एक पुस्तक, हा नेम. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे ते तासभर फिरत, भाव विचारत, आणि एकच घेत. ज्या वर्षी पैसे नसत त्या वर्षी चार-आठ पानांची वंदनेची पुस्तिका. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अशी त्रेपन्न पुस्तके निघाली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने साल, किंमत आणि एखादी ओळ. १९७२ च्या दुष्काळातल्या पुस्तकावर लिहिले आहे : 'भाकरी मिलोची. पुस्तक चांगले, भाकरी वाईट.' १९७८ च्या पुस्तकावर, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आपल्या लोकांची घरे जाळली गेली त्या वर्षी, फक्त 'हसण्यासारखे काही नाही.' आणि १९९४ ला, १४ जानेवारीला नामविस्तार झाल्यावर : 'सोळा वर्षे लागली. आमची लोनावळा लोकल बरी.' आम्हाला वाटते, आबांचे आत्मचरित्र म्हणायचे तर हेच. त्रेपन्न ओळींचे. या पुस्तकांचे काय करायचे यावरून घरात अजून एकमत नाही. विहाराच्या वाचनालयाला द्यावीत असे वडील म्हणतात. पहिल्या पानांचे काय, असे आम्ही म्हणतो.

निवृत्तीनंतर आबांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतले. पौर्णिमेला, २५ डिसेंबरला, विहारात काही कार्यक्रम असला की दाराशी बसून लोकांच्या चपला नीट लावायच्या. गर्दीत चपलांची अदलाबदल होते, म्हाताऱ्या बायांना वाकून शोधता येत नाही, हे त्यांनी पाहिले होते. हळूहळू त्यांना चपलेवरून माणूस ओळखता येऊ लागला. "ह्या डाव्या टाचंला झिजलेल्या, म्हंजे हा बसस्टॉपवर लई वेळ उभा असतो." आमच्या वडिलांना हे मुळीच आवडत नसे. ते चिडून म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी गावाची चाकरी केली ती सोडवायला बाबासाहेब झिजले, आणि तुम्ही पुन्हा लोकांच्या पायताणांजवळ बसता?" प्रश्न खोटा नव्हता. आबांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि म्हणाले, "गावात वाड्यापुढनं जाताना आम्हाला पायताण काढून हातात घ्यावं लागायचं. हितं कलेक्टर आला तरी माझ्यापुढं काढतोय. सव्याज वसूल चाललंय, तू मधी बोलू नगंस." वडील हसले की नाही ते आम्ही पाहिले नाही, पण पुढच्या पौर्णिमेला त्यांनी आबांसाठी बसायला एक लाकडी पाट करून आणला.

आबांना आपले शेवटचेही ठाऊक होते. पेटीत पुस्तकांवर एक शंभर पानी वही होती, तिच्या पहिल्या पानावर सूचना. 'कावळा शिवायची वाट बघू नये. त्याला भूक लागली की तो आपला येतो.' खाली : 'भाषणे तीनच ठेवावीत. चौथा माणूस माझ्याविषयी खोटे बोलू लागेल.' आणि : 'जेवणासाठी कर्ज काढले तर मी उठून बसेन.' गावाकडून आलेल्या एका वृद्ध नातेवाइकांनी दहाव्याचे विचारलेच. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, पण दुःखाच्या घरात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला प्रतिज्ञेचा क्रमांक सांगत बसणे आम्हाला जमले नाही. आम्ही वही वाचून दाखवली. कावळ्याच्या ओळीला ते आधी चपापले, मग डोळे पुसत हसले. "लहानपणी पण असाच बोलायचा," म्हणाले.

कर्जाचा प्रश्न मात्र अवघड झाला. काकांचे म्हणणे, पाचशे माणसांचे जेवण झालेच पाहिजे. आबांचा मान आहे. मंडप, आचारी, बुंदी, हिशेब मोठा होत चालला. आपल्या वस्त्यांतून पुण्यानुमोदनाच्या जेवणापायी पतपेढीचे हप्ते दोन-दोन वर्षे फेडणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यात मेलेल्याचा मान कोठे असतो ते आम्हाला अजून समजलेले नाही. शेवटी आजीने निकाल दिला. "जेवाण हुईल. मंडप न्हाई, आचारी न्हाई." वस्तीतल्या बायांनी घरोघर पुऱ्या लाटल्या, भात-भाजी विहाराच्या मागे चुलीवर झाली. बौद्धाचार्यांनी विधी केला. भाषणे ठरली तीन, झाली सात. चौथ्या वक्त्याने आबा नागपूरच्या दीक्षेला पहिल्या रांगेत होते असे ठोकून दिले, तेव्हा आमच्या सगळ्या ओळीला हसू आवरेना. लोकांना वाटले, ही पोरे रडताहेत.

आता आजीविषयी, म्हणजे खरे तर आबांविषयीच. काचबिंदूने २००९ च्या सुमारास आजीची नजर गेली. तेव्हापासून रोज सकाळी आबा तिला पेपर वाचून दाखवत. बोट अक्षराखाली ठेवून, मोठ्याने, अडखळत. त्यात मधूनच एखादी बातमी अशी यायची की, शेजारच्या खोलीत आम्ही कान टवकारायचो. 'दिल्ली, ता. ४. गुडघे दुखणाऱ्या बायांना सरकार पालखी देणार.' 'पुणे, ता. ९. नवऱ्याला दुसरा कप चहा न देणाऱ्या महिलेस समज.' आजी गंभीरपणे विचारायची, "कितव्या पानावर आलंय?" आबा म्हणायचे, "आतल्या." दोघांनाही माहीत होते, चौदा वर्षे हे असेच चालले.

आबा गेल्यावर पेपर वाचायचे काम आमच्याकडे आले. आम्ही चष्मा लावून, स्पष्ट उच्चारात, पहिल्या पानापासून वाचू लागलो. चार दिवसांनी आजी म्हणाली, "अलीकडं पेपरात काय दमच न्हाई." आम्हाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. महिनाभर तसेच कोरडे वाचन चालले. मग एका रविवारी आमच्या सहावीतल्या पुतणीने पेपर हातात घेतला. दोन बातम्या वाचल्या, आणि तिसरी त्याच आवाजात सुरू केली : "देहूरोड, ता. १२. नव्वद वर्षांच्या आजींनी चहात साखरेऐवजी मीठ टाकले."

आजी खाटेवर उठून बसली. "खोटी बातमी हाय ती. मीठ त्यांनी टाकलं हुतं. नीट वाच."