आले सोलू नका!

दिवाळीत लाडू-चकल्यांविषयी लिहावयाचे सोडून हे मास्तर आल्याच्या सालीवर का घसरले, असे वाचकांना वाटेल. वाटो बापडे! पण घरोघरी आल्याचे जे मातेरे चालले आहे ते पाहून मला गप्प बसवत नाही.

मागे येथे शहाद्यातच एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. वहिनी सुरीने आले बटाट्यासारखे ताशीत होत्या. जाड साल निघत होती आणि तिच्याबरोबर बारीक बोटेही केराच्या टोपलीत जात होती. मी हटकले तेव्हा त्या म्हणाल्या, “काय करू, भाऊजी? यांना आले पांढरेशुभ्र लागते. कुठे साल दिसली की ताट सरकवतात!”

आता या ‘यांना’ कोणी सांगावे की घाण मातीत असते, सालीत नव्हे? आल्याच्या सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या अगदी लगत असतात. साल खोल काढली की तेल गेले, वास गेला. उरतो तो चोथा. केरळात सुंठ करणारे लोक हे पुरते ओळखून आहेत. ते सुरी न वापरता बांबूच्या टोकदार चिपेने वरचा पापुद्रा तेवढा खरवडतात. ज्यांचे पोट आल्यावर चालते त्यांचे तरी ऐकाल की नाही?

आपल्याकडे आले उन्हाळ्यात लावतात आणि ते पुरते तयार व्हावयास आठ-नऊ महिने लागतात. दिवाळीच्या सुमारास येणारे नवे आले म्हणजे कोवळेच. त्याची साल नुसत्या अंगठ्याने निघते. जुन्या आल्याची बोटे मोडून सुटी करावीत, कारण माती सांध्यांत दडलेली असते. मग घटकाभर पाण्यात भिजवावे, काथ्याने चोळावे आणि चमच्याच्या कडेने खरवडावे. चमचा खाचाखोचांतून फिरतो. सुरी त्या कापूनच टाकते. चहाला तर तेवढेही नको. धुऊन ठेचावे, आधी पाण्यात उकळावे आणि मागून दूध घालावे. कच्च्या आल्याने दूध नासते.

कोणी म्हणेल, “जुनी साल राठ असते, तिला बुरशीही लागते.” कबूल! राठ साल अवश्य काढा. बुरशी लागलेला, मऊ पडलेला तुकडा सरळ फेकून द्या. पण एका नासक्या बोटासाठी साऱ्या पंजाला शिक्षा कशाला?

“खरवडायला वेळ लागतो,” हा आक्षेप मात्र खरा आहे. पण गंमत पाहा, तो घेतात कोण? ज्यांनी जन्मात आल्याला हात लावला नाही ते! बाजारातून चकचकीत, धुतलेले आले हौसेने आणणारे हेच, आणि आमटीत तंतू लागला म्हणून नाक मुरडणारेही हेच.

तेव्हा पुरुषवाचकहो, यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीत पैसे घालालच. पण त्याआधी तिच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसा आणि पावशेर आले चमच्याने खरवडून द्या. बोटे चुरचुरतील. चुरचुरू द्या! मग पांढऱ्याशुभ्र आल्याचा हट्ट तुम्ही पुन्हा धरणार नाही.