अनिश्चित मुदतीच्या हमीचा शेवट

शेतमालाच्या आयातीसंबंधीचे आंतरराष्ट्रीय करार मोडावेत, म्हणजे देशी शेतकऱ्याचे भले होईल, असे एक पक्ष म्हणतो. खुल्या बाजारपेठेतच सर्वांचे कल्याण आहे, असे दुसरा म्हणतो. युरोपने मोडलेल्या एका साखर कराराचा इतिहास या दोन्ही पक्षांनी तपासून पाहण्यासारखा आहे.

ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. वसाहतींतील साखरेला ब्रिटिश बाजारपेठ देणारा १९५१ चा राष्ट्रकुल साखर करार १९७४ अखेर संपला. त्याची जागा १९७५ मध्ये लोमे कराराला जोडलेल्या साखरविषयक कराराने घेतली. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील देशांकडून दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर हमी भावाने, आणि तीही अनिश्चित काळपर्यंत, घेण्याचे युरोपने मान्य केले. हे काही दान नव्हते. १९७४ मध्ये साखरेचे जागतिक भाव गगनाला भिडले होते आणि युरोपला खात्रीचा पुरवठा हवा होता. पुढे भाव कोसळले, तेव्हा हीच हमी उत्पादकांचा आधार बनली.

या करारातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४.९ लाख टन, मॉरिशसचा होता. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या करारबद्ध मजुरांनीही तेथील उसाच्या मळ्यांत घाम गाळला. त्यांचे मराठी वंशज आजही त्या बेटावर आहेत.

दरम्यान युरोपात बिटाच्या साखरेचे अमाप उत्पादन होऊ लागले व ती अनुदानाच्या बळावर परदेशी विकली जाऊ लागली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी तक्रार केली आणि २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने युरोपविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर २००६ पासून युरोपने साखरेच्या आधारभावात टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात केली, सप्टेंबर २००७ मध्ये करार संपविण्याची नोटीस दिली आणि १ ऑक्टोबर २००९ पासून तो इतिहासजमा झाला. यात कायद्याचा भंग नव्हता. दोन वर्षांच्या पूर्वसूचनेने करार संपविण्याची तरतूद मूळ मसुद्यातच होती. 'अनिश्चित काळ' म्हणजे 'कायम' अशी समजूत करून घेणाऱ्यांची मात्र निराशा झाली.

खरी विषमता भरपाईत दिसते. युरोपने आपल्या बीट उत्पादकांच्या नुकसानीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास भाग थेट अनुदानाने भरून दिला. उलट, करारातील अठरा देशांच्या वाट्याला अनेक वर्षांत मिळून सुमारे सव्वाशे कोटी युरोंचे साहाय्य आले, आणि तेही प्रकल्पांच्या कूर्मगतीने.

परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. सेंट किट्सने तीन शतकांहून जुना साखरधंदा २००५ च्या हंगामानंतर बंदच केला. मॉरिशस तग धरू शकले, कारण हमी भावातून आलेला नफा तेथे सत्तरीच्या दशकापासूनच कापड उद्योगाकडे वळला होता. पुढे कारखान्यांचे एकत्रीकरण झाले, कच्च्या साखरेऐवजी शुद्ध साखर निर्यात होऊ लागली आणि उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण झाली. तथापि ही किंमत हजारो कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीने चुकविली गेली. २०१७ मध्ये युरोपने आपल्या उत्पादनावरील मर्यादाही उठविली, भाव पुन्हा घसरले आणि अनेक लहान शेतकऱ्यांना ऊस परवडेनासा झाला.

तेव्हा करार टिकणे वा मोडणे हा मूळ प्रश्न नाही. बदलाचा भार कोणी सोसावयाचा, हा खरा प्रश्न आहे. श्रीमंत ग्राहक आपल्या शेतकऱ्याला तिजोरीतून सावरू शकतो. दूरच्या मळ्यातील मजुराला त्या तिजोरीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणूनच पूर्वसूचनेचा अवधी आणि भरपाईचे प्रमाण यांचा हिशेब सह्या होण्यापूर्वीच व्हावयास हवा. करार संपल्यावर त्याची वाटाघाट करण्याइतके बळ दुबळ्या पक्षापाशी उरत नाही.