गाईचं पोट आपल्यासारखं नाही



आज फवारणीचा सल्ला नाही. गोठ्याबद्दल माझं एक मत मांडतोय.

लग्नसराईत आपल्या एका सभासदाने उरलेला भात अन् चपात्या पाटीभर गाईपुढे ठेवल्या. प्रेमानेच. सकाळी गाय उठेना, चाऱ्याला तोंड लावेना, शेण पातळ आणि आंबूस. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गाय वाचली. पण त्या वेतात दूध पहिल्यासारखं आलंच नाही.

चूक कुठे झाली? आपण गाईचं पोट आपल्यासारखं धरतो. आपल्या पोटातले पाचक रस भाताची साखर करतात, ती रक्तात जाते. कडबा आपल्याला पचत नाही. खरं तर गाईलाही तो स्वतःहून पचत नाही! तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे शंभर लिटरहून मोठं पिंप. त्यातले असंख्य जंतू चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात. गाईची साधारण ७० टक्के ऊर्जा या आम्लांतूनच येते. दुधातल्या फॅटचा मोठा भागही चाऱ्यापासून होणाऱ्या आम्लातून बनतो. घोडाही चारा आंबवतो, पण मागच्या आतड्यात, आणि रवंथ करत नाही. म्हणून त्याच्या लिदीत काड्या दिसतात.

भात, चपाती किंवा भरडा एकदम जास्त गेला की तो झपाट्याने आंबतो. आम्ल इतकं वाढतं की चारा पचवणारे जंतूच मरतात. रवंथ करताना सुटणारी लाळ हा त्यावरचा घरचा सोडा. पण रवंथ चाऱ्याने होते, भरड्याने नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: दूध कमी झालं की लगेच पेंडेची गोणी वाढवणं ही उलटी वाट आहे. फॅट लागली नाही तर डेअरीवर भांडण्याआधी आपली गव्हाण बघा. आपण गाईला नाही, तिच्या पोटातल्या जंतूंना खाऊ घालतो.

एवढं करा:
✅ आधी चारा, मग आंबोण. आंबोण दोन-तीन वेळा विभागून द्या.
✅ खाद्य बदलायचं तर १०-१५ दिवसांत हळूहळू बदला.
✅ कुट्टी पिठासारखी बारीक करू नका.
✅ ऊसतोडीच्या दिवसांत नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. सोबत घास, कडबा आणि खनिज मिश्रण द्या.
✅ दुपारी गाई निवांत बसल्या की मोजा. निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर गोठा ठीक.

गाय चारा सोडून बसली तर घरगुती उपायात रात्र घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

उद्या दुपारी मोजलेला आकडा ग्रुपवर टाका. कमी आला तरी लाजू नका, मिळून बघू.

आपला,
कृषी सल्लागार, कोपरगाव