इंग्रजीचा मास्तर कोणी घडवायचा?

इ. स. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तोवर ते पाचवीपासून होते. बहुजनांच्या मुलांना हे दार लवकर खुले व्हावे, हा हेतू रास्तच होता. परंतु ते दार उघडण्याचे काम ज्याच्यावर सोपवले, त्या नव्या शिक्षकाच्या पदरात काय पडले? त्याच सुमारास आलेली ‘शिक्षणसेवक’ योजना: तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन! एका हाताने जबाबदारी वाढवायची आणि दुसऱ्या हाताने वेतन हिरावून घ्यायचे, हे या धोरणाचे खरे अर्थशास्त्र. २०२३ मध्ये प्राथमिक शाळेतील मानधन १६,००० रुपये झाले. नवशिक्या शिक्षकाला पुऱ्या वेतनास अपात्र ठरवण्याचे तत्त्व मात्र शाबूत राहिले.

खेड्यातला हा शिक्षक स्वतः इंग्रजी शिकला तो भाषांतर आणि घोकंपट्टी करून. व्याकरणाचे नियम त्याला पाठ असतात. बोलण्याचा सराव नसतो, कारण तो त्याला कोणी दिलेलाच नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे दोन-तीन वर्ग आणि सगळे विषय एकाच्याच माथी. मग मुले ‘एलिफंट’चे स्पेलिंग एका सुरात म्हणतात, तहान लागली तर त्या भाषेत पाणी मागू शकत नाहीत. आणि शहरातील सुशिक्षित मंडळी त्या शिक्षकाच्या उच्चारांना हसतात!

वस्तुतः दुसरी भाषा आधी कानाने आणि जिभेने शिकायची असते, डोळ्यांनी आणि लेखणीने नंतर. मातृभाषा ही तिची वैरीण नव्हे, पायरी आहे. परंतु ही शिकवण्याची कला चार दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात हाती येत नाही. विणकराचा मुलगासुद्धा जाणत्याच्या मागाशेजारी बसूनच हात बसवतो. शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशी एकट्याने वर्गात ढकलले जाते.

समाजवाद्यांनीही येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. डॉ. लोहियांचा विरोध होता तो मूठभरांच्या सत्तेचे हत्यार बनलेल्या इंग्रजीला. ‘अंग्रेजी हटाओ’ म्हणत ज्यांनी आपली नातवंडे इंग्रजी माध्यमात घातली, त्यांनी ते हत्यार मोडले नाही. फक्त गरिबांच्या हाती पडू दिले नाही. मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकवले जात नाही, म्हणून शेतमजूरही कर्ज काढून खाजगी शाळेची फी भरतो. त्याला भाषाद्रोही म्हणणे हा निव्वळ दांभिकपणा आहे. मराठी शाळा वाचवायची, तर तिच्यातला इंग्रजीचा तास आधी सुधारावा लागेल.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला किमान बारा रुपये पगार असावा, अशी मागणी केली होती. आजची मागणीही तीच आहे: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन, स्वतंत्र वर्ग देण्यापूर्वी अनुभवी शिक्षकाच्या वर्गात एक सत्र उमेदवारी, आणि केंद्रशाळेत दर आठवड्याला इंग्रजी संभाषणाचा सराव, तोही कामाच्या वेळेत. यासाठी पैसा नाही, असे शासन म्हणेल. तसे असेल तर पहिलीपासून इंग्रजी देण्याची फुशारकी शासनाने मिरवू नये. शिक्षक न घडवता विषय वाढवणे ही गरिबांच्या मुलांची उघड फसवणूक आहे.