श्रीगणेशा पाचव्यापासून

कोणतीही मालिका पहिल्या भागापासूनच हाती घ्यायची, असा आपल्याकडे एक घट्ट समज आहे. बँकेच्या खतावणीपुरता तो शंभर टक्के खरा. तिथे प्रत्येक पान 'मागील पानावरून' आणलेल्या शिलकेने सुरू होते आणि मधले एक पान गहाळ झाले की पुढचा सगळा हिशेब लटकतो. पण 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाची व्हिडिओ खेळांची जी जपानी मालिका १९८६ पासून चालू आहे, तिला हा खतावणीचा नियम लावला की नवखा माणूस पहिल्याच मुक्कामी कंटाळून परत फिरतो. तिची जात खतावणीची नाही, दिवाळी अंकाची आहे. नाव तेच, संपादकाची नजर तीच. मजकूर मात्र दर वेळी नवा. एखादा दिवाळी अंक वाचायचा तर त्याच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, असे कोणी सांगत नाही.

रविवारच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या मुला-नातवंडांच्या हातातल्या मोबाईलवर जे खेळ असतात, त्यांतले पुष्कळसे संपतच नाहीत. ते फुकट सुरू होतात आणि मग हळूहळू खिशात हात घालतात. त्यावर आपले उपाय दोन : मोबाईल हिसकावून घ्यायचा, नाहीतर हात टेकायचे. तिसरा उपाय असा की, ज्याला आदि, मध्य आणि अंत आहे असा खेळ मुलांबरोबर बसून निवडायचा. तो निवडताना पहिलाच भाग चुकीचा हाती आला, तर मूल पुन्हा त्या न संपणाऱ्या खेळाकडे वळते. म्हणून 'कुठून सुरू करावे' हा प्रश्न मला घरातला वाटतो.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे खेळयंत्र होते, त्यांना मारिओ आणि कॉन्ट्रा आठवत असतील. ती बहुतेक यंत्रे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. त्याच मूळ यंत्रावर मे १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' अवतरला. मारिओत बोटांची चपळाई लागते, इथे नाही. इथे आपण एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, राक्षसांशी पाळीपाळीने लढतो, अनुभव साठवतो आणि कथा पुढे नेतो. याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. अमेरिकेत असे खेळ आधीपासून होते, पण ते संगणकावर आणि जाणकारांसाठी. युजी होरी या गृहस्थांनी ते घराघरांतल्या मुलांसाठी सोपे केले. होरी मूळचे आवाजी बेटावरचे. वासेदा विद्यापीठात साहित्य शिकलेले, मासिकांतून लिहिणारे. चित्रांसाठी त्यांना 'ड्रॅगन बॉल'चे अकिरा तोरियामा मिळाले आणि संगीतासाठी कोइची सुगियामा. सुगियामा त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते, हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचे संचलन सुरू झाले ते याच मालिकेच्या स्वागतधुनीवर. आपल्यापैकी अनेकांनी ती धून ऐकली असेल, कशाची ते कळले नसेल एवढेच. सुगियामा त्याच वर्षी गेले, तोरियामा २०२४ मध्ये.

पहिला भाग म्हणजे होरींच्या शिकवण्याच्या पद्धतीचा नमुना. खेळ सुरू होतो तो राजाच्या दालनात, आणि दार बंद. पेटी उघडा, किल्ली घ्या, कुलूप काढा. एवढे करता करता अर्धे नियम समजलेले असतात. बाहेर पडलात की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला समोरच दिसतो. दिसतो, पण तिथे पोहोचायला सारे जग पालथे घालावे लागते. आणि पूल ओलांडला की राक्षस एकदम दांडगे होतात, म्हणजे पूल ही धोक्याची पाटी. चौसष्ट किलोबाइटांत हे सारे बसवले होते! तरीही नवख्याने इथून सुरुवात करू नये. एकटा वीर, समोर दर वेळी एकच राक्षस, आणि बळ वाढवण्यासाठी त्याच त्या माळावर तासन्‌तास हिंडणे. इतिहास म्हणून थोर, आजच्या मुलाला मात्र जड.

तिसरा भाग आला १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या झळकल्या. पुढचे भाग मग सुटीच्या दिवशी निघू लागले. जपानने त्यासाठी कायदाच केला, ही मात्र आवई. कथाक्रमाने हा तिसरा भाग पहिल्या दोहोंच्या आधीचा आहे. म्हणूनच प्रकाशकांनी नव्या रूपात हे भाग काढले तेव्हा २०२४ मध्ये आधी तिसरा आणला आणि पहिला-दुसरा २०२५ मध्ये. खुद्द घरचे लोक पहिल्यापासून सुरू करत नाहीत, तर आपण का करावे?

जाता जाता एक व्यावसायिक टिपण. या मालिकेत बँक आहे. तिच्यात सोन्याची नाणी हजाराच्या पटीतच स्वीकारतात, आणि व्याज एक छदामही नाही. तरी लोक ठेव ठेवतात, कारण लढाईत सारी टोळी गारद झाली तर हातातली निम्मी रोकड जाते, बँकेतली शाबूत राहते. सुरक्षितता हाच परतावा, हे माझ्या बँकेतल्या कित्येक ठेवीदारांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले. इथे दहा वर्षांचे पोर ते दोन पराभवांत शिकते. चौथ्या भागात तर तोर्नेको नावाचा एक दुकानातला नोकरमाणूस आहे. बायको रोज सकाळी डबा देते, हा कामावर जातो, पैसा साठवतो आणि शेवटी स्वतःचे दुकान घालतो. तलवारबहाद्दरांच्या खेळात एक आख्खे प्रकरण या माणसाला दिले आहे!

पण माझे मत पाचव्या भागाला. १९९२ चा हा खेळ. (ज्यांना गोष्ट आधी कळलेली खपत नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.) सुरुवातीला आपण सहा-सात वर्षांचे पोर असतो आणि वडिलांबरोबर हिंडत असतो. लढाईत वडील आपल्या हुकमात नसतात. ते स्वतःच लढतात, एका घावात राक्षस लोळवतात, आणि लढाई संपली की न सांगता आपल्या जखमा मंत्राने भरून काढतात. काही तास हे असेच चालते. मग वडील जातात, मुलाला ओलीस धरल्यामुळे हात न उगारता. त्यानंतर मूल दहा वर्षे गुलामीत काढते. पुढे तुम्ही एखादी साधी लढाई जिंकता, आणि जखम तशीच राहते. भरून काढणारे कोणी नसते. कादंबरीत हे लिहायला मला चार पाने लागली असती, आणि तरी ते वाचकाच्या अंगाला असे लागले नसते.

मग लग्न, जुळी मुले. नंतर नायकाचा दगड होतो. खरोखरीचा पुतळा. एक श्रीमंत माणूस तो आपल्या तान्ह्या बाळासाठी शुभ म्हणून विकत घेतो आणि अंगणात उभा करतो. ऋतू पालटतात, बाळ चालू लागते आणि एके दिवशी राक्षस ते उचलून नेतात. बाप येऊन पुतळ्यावर राग काढतो. खेळणाऱ्याच्या हातात काहीही नसते, फक्त पाहायचे. अखेर सोडवायला येतात ती आपलीच मुले. वडिलांनी जन्मभर जपलेली तलवार आपल्याला पेलत नाही, ती पेलते आठ वर्षांच्या मुलाला. म्हणजे सारा खेळ खेळून शेवटी कळते की वीर आपण नव्हेच, आपण वीराचे बाप. असा नायक मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही.

दोष आहेत. मुलीचा हात मिळवण्यासाठी दोन अंगठ्यांचा पण लावला आहे, आपल्या स्वयंवरांसारखा, आणि त्या मुलीला विचारावे असे कोणाला सुचत नाही. बालमैत्रीण की धनिकाची कन्या, यावर जपानी खेळाडू तीस वर्षांहून अधिक काळ वाद घालताहेत. मुलांच्या केसांचा रंगही आई कोण त्यावर ठरतो. जुगाराचा एक अड्डाही आहे. पण तिथे उडते ते खेळातलेच नाणे.

बरेच जाणकार अकराव्या भागाची शिफारस करतात. २०१७ चा तो खेळ देखणा आहे, सोपाही. पण मुख्य कथेलाच पन्नास-साठ तास लागतात, आणि त्याच्या शेवटाची खरी गोडी तिसरा भाग माहीत असणाऱ्याला. पाचवा तीसेक तासांत आटोपतो. इंग्रजीत तो २००९ मध्ये आला, मोबाईलवरही निघाला, आणि तिथे फोन उभा धरून एका हाताने खेळता येतो. तो एकदाच विकत घ्यायचा. मात्र नावाने फसू नका : २०१९ मध्ये जपानात निघालेला 'ड्रॅगन क्वेस्ट वॉक' हा नशीब आजमावायला पैसे टाकायला लावणाऱ्यांच्याच जातीचा आहे.

इंग्रजी संवाद भरपूर आहेत. चौथी-पाचवीच्या मुलाला ते वाचून दाखवावे लागतील. दोघांनी बसून एका रविवारी एक गाव, फार तर एक गुहा. खेळ जिथे थांबेल तिथली नोंद देवळातला पुजारी करतो, पहिल्या भागात राजा करायचा. नोंद झाली की 'अजून पुढे जायचे आहे का' असे विचारायची या मालिकेची जुनी रीत आहे. तिथे 'नाही' म्हणून खुशाल जेवायला उठावे.